बुंदीचा डोळा

पत्राचा सारांश: हे पत्र पुण्याच्या वेशीवरच्या एका सोसायटीतून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई नोकरी करतात. घरी नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुलाच्या वाढदिवसाला फिशटँक आणला, दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. त्यात तीन गोल्डफिश आहेत. मुलाने त्यांची नावं मोदक, जिलबी आणि बुंदी अशी ठेवली. शिवाय दुकानदाराने 'शार्क' म्हणून दिलेले दोन करडे मासे. दर रविवारी टँक पूर्ण रिकामा करून धुवायचा, हा ताईंचा शिरस्ता. दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी खडे गरम पाण्यातून काढले, फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून पांढरा केला आणि मुलाने हट्टाने घेतलेला प्लॅस्टिकचा किल्ला आत ठेवला. त्याच सुमारास सोसायटीत नळाचं पाणी कमी पडून बोअरच्या पाण्याचे टँकर सुरू झाले. आठवड्याभरात बुंदीचा डावा डोळा सुजून बाहेर आला. दुकानदार म्हणाला, "इन्फेक्शन आहे, सगळे जातील," आणि पिवळ्या कॅप्सूल दिल्या. पाकिटावर टेट्रासायक्लिन असं लिहिलंय. दोन टाकल्या, पाणी पिवळं झालं, डोळा तसाच. मुलगा सुट्टीला मामाकडे सांगलीला गेलाय, रविवारी येईल. नवऱ्याचं म्हणणं, पन्नास रुपयांचा मासा आहे, तो यायच्या आत तसाच दुसरा आणून ठेवू. सासूबाईंना बुंदीकडे बघवत नाही. त्या म्हणतात, नदीत सोडून द्या, निदान मोकळ्या पाण्यात जाईल. ताई विचारतात, "इतकी स्वच्छता ठेवूनही हे कसं झालं? औषध चालू ठेवू का? आणि मुलाला काय सांगू?"

ताई,

तुमच्या पत्रात शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आहे: "डोळा एकच सुजलाय, स्वच्छ दिसतो, आणि खाणं टाकलं की बुंदी अजून सगळ्यांच्या आधी वर येते." दुकानदाराने हे विचारलं असतं तर त्याने इतक्या घाईने कॅप्सूल काढून दिल्या नसत्या, असं मला वाटतं. एकच डोळा, बुबुळावर धूसरपणा नाही आणि भूक शाबूत. या तीन गोष्टी एकत्र असतील तर आशेला भरपूर जागा आहे.

आधी त्या डोळ्याबद्दल. मासे पाळणारे याला 'पॉपआय' म्हणतात आणि जणू गोवर-कांजिण्यांसारखा तो एक रोग असावा, तसं बोलतात. तो रोग नाही. ताप जशी शरीरात काहीतरी बिघडल्याची खूण असते, तशी ही खूण आहे. माशाच्या डोळ्याला पापणी नसते आणि मागच्या बाजूला हाडाची खोबण असते. त्यामुळे डोळ्यामागे पाणी साचलं, रक्त उतरलं किंवा हवेचे बुडबुडे अडकले, की डोळ्याला सरकायला एकच वाट उरते, बाहेरची. साचलेलं ते काय आहे आणि का साचलं, हा खरा प्रश्न. त्याची उत्तरं अनेक आहेत, आणि प्रत्येकाला इलाज वेगळा.

एकच डोळा सुजला असेल तर पहिला संशय माराचा. कुठेतरी घासलं, जाळीने पकडताना लागलं, दुसऱ्या माशाने धडक दिली. दोन्ही डोळे एकदम बाहेर आले तर मात्र बिघाड शरीराच्या आत असतो. जिवाणूंचा संसर्ग रक्तात पसरलेला असतो, किंवा मूत्रपिंडं थकलेली असतात, किंवा पाणीच इतकं खराब झालेलं असतं की माशाला शरीरातलं पाणी बाहेर टाकणं जमत नाही. हा नियम दगडावरची रेघ नव्हे, संसर्गही कधीकधी एका डोळ्यापासून सुरू होतो. पण सुरुवात कुठून करायची हे त्याने कळतं.

आज संध्याकाळी टँकसमोर पंधरा मिनिटं बसा आणि फक्त बघा. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड बाजूने पाडा. डोळ्यावर साय धरल्यासारखं काही आहे का? डोळ्यात किंवा कल्ल्यांजवळच्या परांत मोहरीपेक्षा बारीक चंदेरी बुडबुडे दिसतात का? मग झाकण काढून वरून बघा. पोट फुगून खवले सीताफळाच्या सालीसारखे उभे राहिलेत का? तसे असतील तर मूत्रपिंडं काम सोडत आहेत, आणि तिथून मासा परत येणं फार कठीण असतं. तुमच्या वर्णनात तसं काही नाही, पण बघून खात्री करा. दोन्ही बाजूंनी आणि वरून एकेक मिनिटाचा व्हिडिओही काढून ठेवा. पुढे डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर पन्नास वाक्यांपेक्षा तो उपयोगी पडेल.

आता तुमचा पहिला प्रश्न, 'इतकी स्वच्छता ठेवूनही'. याचं उत्तर ऐकायला जड जाईल, पण ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ती स्वच्छताच बहुधा या दुखण्याच्या मुळाशी आहे.

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो दिसत नाही, पाणी काचेसारखं नितळ असतानाही तो असतो, आणि कल्ले जाळतो. टँकमध्ये त्याची विल्हेवाट लावणारे जिवाणू असतात. एक जात अमोनियाचा नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचा नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ विषारी, तिसरा बऱ्याच प्रमाणात सोसवणारा. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते राहतात फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खड्यांवर. स्पंजवरचा जो तपकिरी बुळबुळीत थर तुम्ही घासून काढलात, ती घाण नव्हती, ती त्यांची वसाहत होती. विरजणाचं भांडं उकळत्या पाण्याने विसळून त्यात उद्याच्या दह्याची वाट बघावी, तसं ते झालं. नवी वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तुम्ही दर रविवारी ती पुन्हा धूत आलात.

याचा दोष स्वतःला देऊ नका. टँक विकताना कोणी हे सांगत नाही, आणि आपल्या घरांत भांडं घासलं की स्वच्छ झालं असंच आपण शिकलो. ज्या हातांनी तुम्ही दर रविवारी दोन तास घालवले, त्यांत काळजीच होती. यापुढे त्याच हातांना कमी काम आहे. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायचं, बास. स्पंज महिन्याभरातून एकदा, टँकमधूनच काढलेल्या जुन्या पाण्यात दोनदा हलका पिळायचा. खडे बाहेर काढायचेच नाहीत.

दुसरी गोष्ट टँकरची. बोअरचं पाणी जमिनीखालून दाबाखाली वर येतं. त्यात ऑक्सिजन कमी आणि नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळलेले असू शकतात. असं पाणी थेट टँकमध्ये ओतलं की तो जादा वायू बाहेर पडू लागतो, सोड्याची बाटली उघडल्यावर पडतो तसा. पाणी भरल्यावर तासाभरात काचेवर, किल्ल्यावर, माशांच्या अंगावरही चंदेरी थेंब चिकटलेले दिसले तर ही त्याची खूण. हेच बुडबुडे माशाच्या रक्तात आणि डोळ्यामागे तयार झाले की डोळा बाहेर येतो. याला औषध नसतं. पाणी बदललं की बरं होतं, नाही बदललं तर कितीही औषध घालून होत नाही. शिवाय दख्खनच्या खडकातलं बोअरचं पाणी बहुतेकदा क्षारांनी जड आणि अल्कधर्मी असतं, आणि पाणी जितकं अल्कधर्मी, तितका त्यातला अमोनिया अधिक विषारी. टँकरवाले कधी ब्लीचिंग पावडर टाकतात, त्यातलं क्लोरीन आणखी वेगळं.

उपाय साधा आहे. टँकसाठीचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवा आणि त्यात एअर पंपाची नळी सोडून २४ तास बुडबुडे काढू द्या. जादा वायू निघून जातो, क्लोरीनही बरंचसं उडतं. उरलेल्यासाठी ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन पाकिटावर लिहिलं असेल तेवढं. आणि एक टेस्ट किट घ्या, थेंब टाकून रंग बघायचं. पट्ट्यांचं नको, थेंबांचं अधिक भरवशाचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. अमोनिया लिटरला पाव मिलिग्रॅम दाखवला तरी त्याच दिवशी पाव टँक पाणी बदला, आणि शून्य येईपर्यंत रोज बदलत राहा. कॅप्सूलऐवजी दुकानदाराने हे किट तुमच्या हातात ठेवायला हवं होतं.

तिसरा संशय तो किल्ला आणि ते शार्क. किल्ला बाहेर काढा आणि पायातला जुना मोजा किंवा कापसाचा बोळा त्याच्या खिडक्या-दारांवरून फिरवा. जिथे धागा अडकला, तिथे डोळाही अडकतो. करडे 'शार्क' हे खरं तर शार्क नव्हेत. ते पंगास जातीचे नदीतले मासे आहेत आणि मोठ्या पाण्यात ते मीटरभराहून लांब होतात. शिवाय स्वभावाने फार भित्रे. दिवा लावला, दार आपटलं, की सैरभैर धावून काचेवर आणि वाटेतल्या माशावर आदळतात. तुमच्या टँकमध्ये जेमतेम ५० लिटर पाणी आहे. त्यात तीन गोल्डफिशच दाटीवाटीने राहतात, शार्कना तिथे कधीच जागा नव्हती. ते दुकानात परत द्या, किंवा मोठा टँक असलेल्या कोणाला द्या.

पत्रावरून माझा अंदाज असा: नव्या किल्ल्याला किंवा शार्कच्या धडकेत बुंदीच्या डोळ्याला लागलं, आणि फिल्टर मेलेल्या पाण्यात ती जखम बरी होण्याऐवजी सुजली. हा अंदाज आहे, निदान नव्हे. पण हा अंदाज चुकीचा ठरला तरी पाणी सुधारून कोणाचंही नुकसान होत नाही. कॅप्सूलबद्दल तसं म्हणता येत नाही.

कॅप्सूल थांबवा. प्रतिजैविकांचा कोर्स अर्धवट सोडू नये हे तुम्ही ऐकलेलं असणार, आणि निदान करून, योग्य प्रमाणात सुरू केलेल्या कोर्सला ते लागूही आहे. इथे निदानच नव्हतं. त्यातून टेट्रासायक्लिनची एक अडचण अशी की जड पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला ते चिकटून बसतं आणि माशाच्या शरीरात फारसं पोचतच नाही. तुमच्या टँकरच्या पाण्यात ते जवळजवळ नुसता रंग देत होतं. उलट स्पंजमध्ये जे थोडे उपयोगी जिवाणू तग धरून असतील, त्यांना धोका, आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू घरात तयार होण्याची सोय. रोज पाव टँक पाणी बदलत गेलात की चार-पाच दिवसांत पिवळेपणा बराच कमी होईल. टँकचं जुनं पाणी एरवी झाडांना उत्तम खत असतं, पण हे औषधाचं पाणी तुळशीला घालू नका. आणि कोणी टँकचं पाणी ३० अंशांवर तापवा म्हणालं तर तेही करू नका. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा आहे. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि जिवाणूंची वाढ जोरात होते.

बुंदीसाठी घरातला २० लिटरचा एखादा प्लॅस्टिकचा टब काढा, ज्यात कधी साबण गेलेला नाही असा. त्यात बादलीत मुरवलेलं पाणी आणि थोडं टँकचं पाणी, एअर पंपाची नळी, आणि वर अर्धा टब झाकेल असं सुती कापड, म्हणजे अंधार आणि शांतता. जाळी वापरू नका. वाडग्याने पाण्यासकट उचला. वेगळं ठेवायचं एक कारण असं की सुजलेल्या डोळ्याला दुसरे मासे टोचून बघतात.

त्या टबात एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, घाला. ते औषधांच्या दुकानात मिळतं. खताच्या दुकानातलं मॅग्नेशियम सल्फेट नको, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. प्रमाण २० लिटरला चहाचा एक सपाट चमचा, आधी वाटीभर पाण्यात पूर्ण विरघळवून. नावात 'सॉल्ट' असलं तरी हे आपलं जेवणातलं मीठ नव्हे, आणि त्याच्या जागी मीठ चालणार नाही. ते काय करतं हे सासूबाईंना लगेच पटेल. गोड्या पाण्यातल्या माशाचं शरीर भोवतीच्या पाण्यापेक्षा खारट असतं, त्यामुळे भिजत घातलेल्या मनुक्यासारखं पाणी सतत त्याच्या आत शिरत असतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर फेकत असतात. डोळ्यामागे साचलेलं पाणीही असंच अडकलेलं. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तशी मदत एप्सम सॉल्ट करतं. रोज टबातलं एक तृतीयांश पाणी बदला, आणि जेवढं नवं पाणी, तेवढ्यापुरतंच सॉल्ट पुन्हा घाला. खाणं रोज थोडंसं, दोन मिनिटांत संपेल इतकंच. साल काढून उकडलेला एखादा मटार दिलात तर आवडेल.

दोन गोष्टी कोणी कितीही खात्रीने सांगितल्या तरी करायच्या नाहीत. सुजलेला डोळा दाबायचा नाही आणि सुई लावायची नाही.

मार लागलेला डोळा काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत उतरतो. कधी बुबुळावर डाग राहतो, कधी तो डोळा कायमचा जातो. तरी मासा जगतो, आणि चांगला जगतो. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना एक रेघ असते, तिने त्याला पाण्यातली बारीकशी थरथरही कळते. एकाक्ष गोल्डफिश वर्षानुवर्षं खाणं शोधतो, वळणं घेतो. मात्र पाच-सहा दिवसांत उतार दिसला नाही, दुसरा डोळाही फुगला, डोळ्यावर साय धरली, अंगावर लाल व्रण आले किंवा तिने खाणं सोडलं, तर माशांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना दाखवा. जवळ कोणी नसेल तर रत्नागिरी, नागपूर, उदगीर इथे मत्स्य महाविद्यालयं आहेत आणि मुंबईत वर्सोव्याला १९६१ पासूनची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथल्या मत्स्यरोगाच्या प्राध्यापकांना व्हिडिओ आणि पाण्याचे आकडे पाठवून विचारता येतं. गरज पडलीच तर योग्य प्रतिजैविक तेच सांगतील. ते टबातच किंवा खाण्यातून द्यायचं, मोठ्या टँकमध्ये ओतायचं नाही.

सगळं करूनही ती सावरली नाही, एका कुशीवर पडून धापा टाकत राहिली, तर तिचे हाल संपवणं हाही काळजीचाच भाग आहे. तेव्हा संडासात सोडणं किंवा फ्रीझरमध्ये ठेवणं हे दोन्ही क्रूर आहे. पशुवैद्य लवंगतेलाने भूल देऊन शांतपणे करतात. तो निर्णय आज घ्यायची वेळ आलेली नाही, म्हणून इथे थांबते.

हे करताना तुमच्या हातावर कापलं, सोललं असेल तर रबरी मोजे घाला, आणि टँकचं पाणी नळीने तोंडाने ओढू नका. माशांना क्षयरोगाच्या जिवाणूच्या एका भाऊबंदाचा संसर्ग होतो. त्यातही डोळे बाहेर येतात, आणि जखमेतून तो माणसाच्या त्वचेत शिरला तर काही आठवड्यांनी बोटांवर न भरणाऱ्या गाठी येतात. घाबरण्यासारखं नाही, पण तसं कधी झालं तर डॉक्टरांना 'घरी फिशटँक आहे' हे आवर्जून सांगा. त्यांना ते सुचेलच असं नाही.

आता घरातल्या माणसांकडे येते.

तुमच्या मिस्टरांच्या सूचनेमागे लेकाला दुःख होऊ नये हीच इच्छा आहे, ते मला कळतं. पण ती सूचना पाण्यातच टिकत नाही. ज्या पाण्यात बुंदी आजारी पडली, त्याच पाण्यात नवी बुंदी येणार. दुकानातल्या गर्दीतून, प्रवासातून आलेली, कदाचित सोबत वेगळा रोग घेऊन. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय टँकमध्ये सोडूच नये. अमोनिया असलेल्या टँकमध्ये ती तग धरण्याची शक्यता कमी. मग तिच्या जागी तिसरी आणणार का? शिवाय तुम्हीच लिहिलंय की बुंदीच्या शेपटीजवळ पांढरा ठिपका आहे आणि लेक रोज रात्री तिला 'गुड नाइट' म्हणून झोपतो. ज्या मुलाला तीन केशरी माशांतली बुंदी अंधारात ओळखू येते, त्याला नवी ओळखू येणारच. आणि पन्नास रुपयांचं म्हणाल, तर गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली एका जत्रेत जिंकून आणलेला 'टिश' नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत जगला, ४३ वर्षं. बुंदी तुमच्या लेकाच्या कॉलेजच्या दिवसांपर्यंत घरात असू शकते.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मोकळ्या पाण्यात सोडावं असं त्यांना वाटतं ते दयेपोटीच. पण टँकमध्ये वाढलेला केशरी मासा नदीत गेला की खंड्या किंवा बगळ्याला तो सर्वांत आधी दिसतो, आणि एका डोळ्याच्या माशाला तर त्या बाजूने येणारा पक्षी दिसतही नाही. त्याहून गंभीर म्हणजे त्याच्या अंगावरचा रोग नदीतल्या माशांना जातो. लोकांनी असेच 'मोकळे केलेले' काच साफ करणारे सकर मासे आता आपल्याकडच्या नद्या-तलावांत वाढले आहेत. कोळ्यांच्या जाळ्यात ते येतात, त्यांच्या खरखरीत काट्यांनी जाळी फाटते, आणि खाण्याच्या माशांची जागा ते घेतात. दुपारभर घरी असतात त्या सासूबाईच. बुंदीच्या टबाशी बसून ती किती वेळा वर येते, खाते का, कापड सरकलं नाही ना, हे बघण्याचं काम त्यांच्याकडे द्या. त्यांना बघवत नाही कारण नुसतं बघत राहणं कठीण असतं. हाताला काम असलं की बघवतं.

माझ्या आईचं माहेर कोकणातलं. बाजारात ती मासा घेताना आधी डोळे बघायची. डोळे फुगीर, ओले, चमकदार तर मासा ताजा, खोल गेलेले तर शिळा. लहानपणापासून मनात बसलेली ती खूण टँकपाशी उलटी लागू होते हे मला फार उशिरा कळलं. बाजारातला फुगीर डोळा निरोगी माशाच्या भरल्या डोळ्याइतकाच असतो, खोबणीबाहेर आलेला नसतो. हे आठवलं कारण आपल्या लोकांना माशाचा डोळा वाचता येतोच, फक्त टँकपाशी बसून तो वाचायची सवय नाही.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. तुमच्याकडे काळा मूर किंवा टेलिस्कोप जातीचा गोल्डफिश असेल, तर त्याचे डोळे जातीनेच बाहेर असतात. पिल्लांत ते साधे दिसतात आणि काही महिन्यांनी दोन्ही बाजूंना सारखे वाढत जातात, तेव्हा घाबरून औषध घालू नका. अचानक, एका-दोन दिवसांत किंवा एकाच बाजूला फुगले तरच काळजी. आणि ज्यांच्या शेततळ्यात चिलापी आहे, त्यांनी या उत्तरातला एप्सम सॉल्टचा सल्ला स्वतःला लावू नये. उन्हाळ्यात तळ्यातल्या बऱ्याच माशांचे दोन्ही डोळे बाहेर आले, ते गोल गोल फिरू लागले आणि मरू लागले, तर तो बहुधा स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग असतो. खाद्य लगेच कमी करा, एरेटर चालू ठेवा, मेलेले मासे काढून चुना टाकून पुरा, उघड्या जखमेच्या हाताने मासे हाताळू नका, आणि त्याच दिवशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात कळवा.

ताई, लेकाला रविवारची वाट बघायला लावू नका. आज रात्री फोन करा. "बुंदीच्या डोळ्याला लागलंय, तिला वेगळ्या टबात ठेवलंय, ती जेवते आहे," एवढंच, या क्रमाने. 'मरेल का' असं त्याने विचारलं तर "मला माहीत नाही, पण आपण नीट काळजी घेतोय" असं सांगा. किल्ल्याचं मात्र जपून सांगा. हट्टाने आणलेली वस्तू कारण ठरली असं त्याने मनाला लावून घेऊ नये. किल्ला मी तपासला नव्हता, आणि स्पंज मी धुतला, मला कळलं नव्हतं, हे तुम्ही आधी म्हणालात तर त्याच्या मनावरचा भार उतरेल.

मग त्याला एक खरा प्रश्न विचारा, कारण टँकसमोर तुमच्यापेक्षा तो जास्त बसला आहे: शार्क रात्री दिवा लावला की बुंदीच्या कोपऱ्यात धावायचे का? बुंदी किल्ल्याच्या दारातून आरपार जायची का? त्याच्या उत्तरावरून किल्ला जाणार की शार्क, की दोन्ही, हे ठरेल. टेस्ट किट रविवारपर्यंत घरात आणून ठेवा, थेंब मोजायचं काम त्याला जमेल. आकडे तारखेसह एका वहीत लिहायला सांगा, आणि दोन आठवड्यांनी ती वही आणि बुंदीचा वरून काढलेला एक फोटो मला पाठवा.